माकड झाडात, आंबा झाडावर

इंग्रजीच्या मते आंबा झाडावर असतो आणि माकड झाडात. आमच्या कापडे गावातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा. तो सांगेल की आंबा ज्या फांदीवर आहे त्याच फांदीवर माकड आहे आणि थोड्याच वेळात तो आंबा माकडाच्या पोटात असणार आहे. पण इंग्रजीला हे पटत नाही. आंबा ऑन द ट्री, माकड इन द ट्री आणि खाली दगड घेऊन उभा राहिलेला मालक अंडर द ट्री. झाड एक, भांडण एक, पण तिघांना तीन वेगळी अव्ययं.

यावर इंग्रजीच्या सरांकडे उत्तर तयार असतं. माकड पानाफांद्यांनी वेढलेलं असतं म्हणून इन, आंबा देठानं झाडाला लागलेला असतो म्हणून ऑन. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, आंबापण पानांतच दडलेला असतो की. म्हणून तर घावत नाय." सर क्षणभर खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघतात. तिथं आंबाही नसतो आणि माकडही नसतं. मग ते महाराष्ट्रातल्या इंग्रजी अध्यापनाचं सार असलेलं वाक्य उच्चारतात, "तू परीक्षेला ऑन लिही."

खरी अडचण अशी की मराठीत हे शब्द नामाच्या मागून येतात, त्याला चिकटून. झाडावर, झाडाखाली, झाडामागे. मराठी माणूस आधी झाडापर्यंत पोचतो, मग वर कोण, खाली कोण ते बघतो. इंग्रजीत झाड दिसायच्या आधीच ठरवावं लागतं की आत, वर का खाली. न बघता निर्णय घ्यायची सवय आमच्याकडे फक्त सोयरीक जमवताना दिसते.

पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या कापड्याला या इन आणि ऑनचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या आहे. आजोबांना इंग्रजी आठवीत भेटलं, कारण स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात ते आठवीपासून शिकवत. वडलांना ते पाचवीत भेटलं. नातवाला पहिलीतच भेटलं, कारण २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. सरकारनं भेट सात वर्षं अलीकडे आणली. पण शिमग्याला तिघं एका ओटीवर बसले की तिघांचीही गाडी इन, ऑन, ॲट याच थांब्यावर उभी असते. साधनं मात्र बदलत गेली. आजोबांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. वडलांनी गाइडं वापरली आणि मुंबईला जाताना रॅपिडेक्स घेतलं, कारण त्याच्या जाहिरातीत कपिल देव होता. १९८३ चा विश्वचषक जिंकणारा माणूस इंग्रजीसाठी ज्या पुस्तकाचं नाव घेतो ते पुस्तक आपल्यालाही तारेल, असा हिशेब. तो विश्वचषकही आपण मराठीत 'लॉर्ड्सवर' जिंकला आणि इंग्रजीत 'ॲट लॉर्ड्स'. 'ऑन लॉर्ड्स' म्हटलं तर कप एखाद्या लॉर्डाच्या अंगावर बसून जिंकल्यासारखा होतो. दीडशे वर्षांच्या राज्यानंतर ते वाईट दिसलं नसतं, पण मार्क कापले जातात.

पोरं फारच हिरमुसली की सर चिंतामणराव देशमुखांचं नाव काढतात. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला मुलगा १९१२ च्या मॅट्रिकला पहिला येतो, पुढे आयसीएसला पहिला येतो, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर होतो, तर तुम्हाला एक इन आणि एक ऑन कळू नये? या उदाहरणात सरांचा दुहेरी फायदा असतो. देशमुखांची सही ऑन द नोट, नोट इन द पॉकेट. व्याकरण आणि अभिमान एका फटक्यात. सही नोटेवर असते हे पोरांना पटतं. नोट खिशात असते, याचा पुरावा मात्र वर्गात कुणाकडेच नसतो. सरांकडेही नसतो, महिन्याची अखेर असल्यामुळे.

आता ऑन टाइम आणि इन टाइम. व्याकरणाच्या पुस्तकात हा फरक दोन ओळींत उरकलेला असतो. ऑन टाइम म्हणजे ठरल्या मिनिटाला, इन टाइम म्हणजे काम चुकणार नाही इतपत लवकर. गंमत म्हणजे मराठीतही वेळेवर आणि वेळेत असे दोन शब्द तयार आहेत, आणि हा फरक पुस्तकाशिवाय शिकायचा असेल तर पोलादपूरच्या स्टँडवर जाऊन बसावं. सकाळची गाडी वेळेवर येत नाही. पण माणसं वेळेत पोचतात. कारण ज्या कचेरीत काम आहे तिथला कारकून त्याच गाडीची वाट बघत शेजारी बसलेला असतो, ज्या दवाखान्यात जायचं आहे तिथली नर्स पुढच्या बाकावर असते आणि ज्यांच्या तासाला उशीर होईल म्हणून पोरगं घाबरलंय ते सर खांबाला टेकून पेपर वाचत असतात. एस.टी. ऑन टाइम नसते, पण ती अख्ख्या तालुक्याला इन टाइम ठेवते.

गाडीत बसल्यावरही सुटका नाही. ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता येतं, त्याला ऑन म्हणायचं. ऑन द बस, ऑन द ट्रेन. ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला इन, म्हणजे इन द कार. हा नियम ज्यानं केला त्यानं शिमग्याच्या आदल्या दिवशी मिनीडोर पाहिलेली नसावी. तिच्यात वाकूनच शिरतात, पण शिरल्यावर बसायला मिळेलच असं नाही, चालणं तर दूरच. काही जण इन असतात, दोघं मागच्या फळीवर ऑन असतात, एकाचा फक्त हात इन असतो. ड्रायव्हरला या बारकाव्यांत रस नसतो. तो एकच अव्यय जाणतो आणि ते क्रियापदासारखं ओरडतो, "आत! आत!" उलट 'आय केम ऑन द बस' हे वाक्य आजोबांना ऐकवलं तर ते काळजीनं विचारतात, "टपावर बसून आलास? आतमधी जागा नव्हती?" त्यांच्या उमेदीच्या काळात टपावरचा प्रवास घडत असे, त्यामुळे इंग्रजी वाक्याचा शब्दशः अर्थ घेणारे ते घरातले एकमेव जाणकार आहेत.

यापेक्षा कठीण जागा म्हणजे वाट. तिथं मराठी आणि इंग्रजी एकमेकींच्या अंगावरून उलट दिशेनं जातात. आपल्याला कुणी 'वाटेत' भेटतो. या त-चं इंग्रजी इन होतं हे पोरगं शिकलेलं असतं आणि ते निबंधात लिहितं, 'आय मेट माय अंकल इन द वे.' सर लाल शाईनं गोल करतात. इन द वे म्हणजे वाटेत आडवा. रस्त्यात पाय पसरून बसलेला, अडथळा असलेला माणूस. जाता जाता भेटला असेल तर ऑन द वे. पोरगं वही घेऊन टेबलाशी येतं. "सर, मामा आडवाच आला व्हता. आईनं दिलेलं पैसं मागाया लागला." सर पुन्हा वाक्य वाचतात. व्याकरण बरोबर, मामाही बरोबर. लाल गोल पुसता येत नाही म्हणून ते त्याच्यावर बरोबरची खूण करतात, आणि त्या वहीत ते चिन्ह अजून आहे, चूक की बरोबर हे कुणालाच न कळणारं.

मामाचं एक वेळ सोडा. म्हशीचं काय करायचं? पावसाळ्यात डांबरी रस्ता कोरडा वाटला की म्हैस त्यावर येऊन बसते. आपण निघालो होतो, तेव्हा ती ऑन द वे दिसली. जवळ गेल्यावर ती इन द वे असल्याचं कळलं. तिच्या दृष्टीनं मात्र ती ऑन हर वे आहे, फक्त सध्या बसली आहे. मागं हॉर्न वाजवणाऱ्या टेम्पोतून पुण्याचा पाहुणा डोकं काढतो आणि इंग्रजीतला चौथा प्रकार टाकतो, "बाय द वे, म्हैस कुणाची?" म्हशीचा मालक तिथंच कडेला उभा असतो. तो बोलत नाही. मालकी सांगितली की ती उठवायची जबाबदारी येते.

पर्यंत हा शब्दही इंग्रजीनं विनाकारण फोडलेला आहे. सोमवारपर्यंत थांबा आणि सोमवारपर्यंत अर्ज द्या, या दोन्हींत आपला पर्यंत निमूट काम करतो. इंग्रजीत थांबायला अंटिल आणि अर्जाला बाय. एका कचेरीच्या दारावर एकदा सूचना होती, 'सबमिट ॲप्लिकेशन अंटिल मंडे.' म्हणजे सोमवार उजाडेस्तोवर अर्ज देतच राहा, थांबू नका. ज्यांनी त्या कचेरीत अर्ज दिले आहेत त्यांच्या मते सूचनेत चूक नव्हती. एक अर्ज दिला, त्यात त्रुटी निघाली, दुसरा दिला, त्याला झेरॉक्स कमी पडली. तिसऱ्याच्या वेळी साहेब रजेवर.

या दोन शब्दांची आणखी मोठी शिकवणी आम्हाला मुंबई–गोवा महामार्गानं दिली. रुंदीकरणाचा पनवेल–इंदापूर टप्पा २०११ साली सुरू झाला. तेव्हापासून महामार्ग बाय अमुक महिना पूर्ण होईल असं अनेक मंत्र्यांनी अनेकदा सांगितलं. बाय म्हटलं की एक तारीख लागते, आणि तारीख दिली की ती उलटून जाते. त्यापेक्षा अंटिल बरं. काम अंटिल चालू राहील, एवढं म्हणावं आणि पुढची जागा रिकामी सोडावी. एक मात्र कबूल केलं पाहिजे. कशेडीच्या बोगद्यानं आमच्या इंग्रजीत भर घातली. इतकी वर्षं खेडकडे जायचं तर ओव्हर द घाट, वळणं घेत, पिशवी पुढ्यात धरून. २०२३ च्या गणपतीला एक बोगदा लहान गाड्यांसाठी खुला झाला आणि थ्रू हा शब्द तालुक्यात पहिल्यांदा अनुभवाला आला. थ्रू म्हणजे काय हे आता फळ्यावर बाण काढून सांगावं लागत नाही. उलटी होत नाही ते थ्रू.

सिन्स आणि फॉरचा घोळ साऱ्या देशाचा आहे, त्यात कापड्याचं वेगळं असं काही नाही. दवाखान्याचं मात्र सांगायला हवं. ब्रिटिश इंग्रजीत रोगी इन हॉस्पिटल असतो आणि भेटायला गेलेला ॲट द हॉस्पिटल. अमेरिकन इंग्रजीत रोग्यालाही मध्ये एक 'द' लागतो. आमच्याकडे एक माणूस महाडला ॲडमिट झाला की भावकी दोन जिपा भरून निघते. डबे, घोंगडी, देवाचा अंगारा. रात्री कॉटवर रोगी, कॉटखाली त्याचा भाऊ, वऱ्हांड्यात चुलते, पायऱ्यांवर पोरं. इन कोण आणि ॲट कोण? नर्सलाही ते सांगता येत नाही. सलाईन ज्याच्या हाताला आहे तो इन, असं धरून चालतात.

आमच्याच तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. त्यामुळे त्या बाजूच्या मुलांना ४ फेब्रुवारी १६७० चा सिंहगड पाठ करावा लागत नाही, तो घरातच असतो. इंग्रजीच्या पेपरात लढाई कुठं झाली हे एका वाक्यात लिहायचं होतं. अपेक्षित उत्तरात ॲट सिंहगड होतं. उमरठच्या बाजूच्या पोरीनं ऑन लिहिलं. सर म्हणाले, नकाशावरचं एक ठिकाण म्हणून सांगताना ॲट येतं. तिनं शांतपणे विचारलं, "सर, नकाशावर लढले का कड्यावर?" मराठीत गड नेहमी वरच असतो. गडावर गेले, गडावर राहिले, गडावरून उतरले. गडात कुणी जात नाही. इंग्रजांचा किल्ला म्हणजे भिंतीच्या आतली जागा, म्हणून त्यांना इन आणि ॲट सुचतं. आमचा किल्ला म्हणजे आधी दोन तासांची चढण. १६७४ साली राज्याभिषेकाला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हा तोही वर चढूनच आला होता. घरी पत्र लिहिताना त्यानं ॲट वापरला असला, तरी पोटऱ्यांना ऑन कळला असणार.

आपण एवढे धडपडतो, पण साहेबही एके काळी याच बाकावर बसला होता हे विसरलं जातं. विल्यम केरींनी मराठीचं व्याकरण लिहिलं, ते १८०५ साली बंगालातल्या श्रीरामपुरात छापलं गेलं. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण त्यानंतर पाच वर्षांनी, १८३६ साली आलं. म्हणजे आमच्या विभक्त्यांशी झोंबी घेणाऱ्या पहिल्या साहेबांच्या हातात दादोबांची शिडीही नव्हती. त्यांनी समोर पंडित बसवून एकेक शब्द विचारला असणार. नुसतं तोंड घ्या. तोंडावर बोलला, तोंडात मारली, तोंडाला पानं पुसली, तोंडी लावलं, तोंडी परीक्षा दिली, आणि या सगळ्यात सण तोंडावर आला. हे उतरवून घेताना एखाद्या लेफ्टनंटानं टोपी काढून कपाळ पुसलं नसेल असं मला वाटत नाही. मालक घरी आहेत आणि मालक घरात आहेत यातला फरक त्याला कुणी समजावला असेल? 'घरी आहेत' म्हणजे भेटतील. 'घरात आहेत' म्हणजे आतल्या खोलीत आहेत, भेटतीलच असं नाही, आणि वसुलीला आलेला असाल तर निश्चित भेटणार नाहीत.

आणि या बिचाऱ्याला पुढे महाबळेश्वराला हवा खायला पाठवलं असेल तर त्याच्यापुढे घाट आला असणार. घाटात आणि घाटावर. कापड्याच्या शेंबड्या पोरालाही यात घोळ होत नाही. घाटात गाडी बंद पडते, घाटात धुकं असतं, घाटात माकडं पिशवी ओढतात. घाटावर मात्र गाडी बंद पडत नाही, घाटावर माणसं राहतात. घाटावर म्हणजे पलीकडचा अख्खा देश, वाई, सातारा, ज्वारीची भाकरी. मुलगी घाटावर दिली म्हणजे सुखात आहे, पाण्याचे हाल आहेत. मुलगी घाटात दिली असं कुणी म्हटलं तर पोलिसांत कळवावं लागेल. घाटाखाली म्हणजे आम्ही. आंबेनळी घाट रोज चढणाऱ्या ड्रायव्हरला व्याकरणाचा व माहीत नसतो, पण तो हे तीन शब्द वळणावळणाला बरोबर वापरतो आणि साहेबाची वही तिथंच ओली होऊन बसते.

तरी 'वर'चा आमचा सगळ्यात जोखमीचा प्रयोग साहेबाला कुणी सांगितला नसावा. महाबळेश्वर आमच्या डोक्यावर असल्यामुळे तिकडे गेलेल्या माणसाला कापड्यात 'वर गेला' म्हणतात. पोलादपूर, महाड म्हणजे खाली. गावात याचा गैरसमज होत नाही, कारण कोण कुठल्या वर गेलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. गैरसमज होतो तो फोनवर. मुंबईहून एका विमा एजंटानं हप्त्याची आठवण द्यायला घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

"काका आहेत का?"

"ते वर गेले."

पलीकडे शांतता. मग एजंटाचा आवाज एकदम खाली आला. "अरेरे. कधी?"

"आज सक्काळी. सातच्या गाडीनं."

"गाडीनं?" एजंटाच्या डोळ्यांपुढं अपघात उभा राहिला असावा, आणि त्यापाठोपाठ दुप्पट रकमेचं कलम. "काकू, तुम्ही धीर धरा. मी स्वतः येतो. मृत्यूचा दाखला, पॉलिसीची मूळ प्रत, वारसाचा फोटो काढून ठेवा. काका फार भले होते."

काकू जरा गोंधळल्या. पण पाहुणा येतो म्हणाल्यावर नाही कसं म्हणायचं. "या की. सांजच्याला येतील तेबी. येताना स्ट्रॉबेरी आणणार हायत, तुमालापण देऊ."